साखळीवरचा लाल ठिपका

लिलावाच्या हॉलमध्ये बेकन तळल्याचा वास होता आणि जिकडेतिकडे म्हातारेच म्हातारे. स्टॅफर्डजवळ दर ऑक्टोबरात जुन्या मोटरसायकलींचा लिलाव होई, तिथे तरुण माणूस दिसलाच तर तो बापाला सोडायला आलेला असायचा. हेडली ट्रँटर स्वतःच गाडी हाकत आला होता, आणि एकाहत्तराव्या वर्षी त्याला त्याचा थोडा तोराही होता. जन्मभर त्याने लडलोच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. लिलाववाल्यांवर त्याहून नव्हता.

त्याला हवी असलेली मोटरसायकल भिंतीकडेला उभी होती. बर्मिंगहॅमची, पाचशे सीसीची, चिखलातल्या शर्यतींची. तिच्या कार्डावर लिहिलं होतं : इंजिन जाम, चालत नाही, आहे तशी. पुढच्या पिवळ्या पाटीवर ४३ हा आकडा होता, आणि त्यातल्या तीनचं पोट जरा जास्तच सुटलं होतं. तो आकडा १९६६ साली हेडलीनेच रंगवला होता. त्यावरून त्याचा थोरला भाऊ नेव्हिल म्हणाला होता, "हा तीन आहे की आपले पाद्री?"

गाडी विकायला आलेली बाई शेजारी घडीच्या खुर्चीवर चहा पीत बसली होती. ग्वेंडा प्रोबर्ट, वेल्सच्या हद्दीवरची शेतकरीण.

"सासऱ्यांनी भंगारातून आणली आणि कोठारात टाकली," ती म्हणाली. "पुढे हातसुद्धा लावला नाही. मी मेली दर वसंतात तिला भिंतीकडे तोंड करून ठेवायची. बघावं तर हिचं तोंड पुन्हा दाराकडे."

"उंदीर असतील," हेडली म्हणाला.

"एवढे दांडगे उंदीर नाहीत हो आमच्याकडे." ती हसली, पण गाडीकडे तिने पाहिलं नाही.

हेडली मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. साखळी दात्यांवरून घसरून चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये अडकली होती, आणि तिच्यावर लाल मातीचा विटेसारखा घट्ट गोळा बसला होता. तेवढा गोळा फोडून पाहायला तो आला होता. बाकीची गाडी कुणीही खुशाल न्यावी.

साखळीची दोन टोकं एका कडीने जोडतात, आणि कडीच्या दोन खिळ्यांवर पत्र्याची इवलीशी क्लिप बसवतात. क्लिप माशासारखी असते. माशाने पोहावं तसं तिचं तोंड पुढे हवं, फटीची शेपूट मागे. उलटी बसली तर ती उडते, कडी सुटते, साखळी चाकात जाते आणि चाक जागच्या जागी थिजतं. म्हणून ट्रँटर भावांचा एक नेम होता. क्लिप एकाने बसवायची, दुसऱ्याने पाहायची, आणि पाहिली की आईच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका तिच्यावर द्यायचा. ठिपका नाही तर शर्यत नाही.

त्या दिवशी पाऊस होता. क्लिप नेव्हिलने बसवली. हेडली एकोणीस वर्षांचा, हात गारठलेले, आणि लक्ष सगळं चहाच्या टपरीवरच्या मुलीकडे. नेव्हिलने हेल्मेटचा पट्टा आवळत विचारलं, "पाहिलीस ना?"

"पाहिली," हेडली म्हणाला. त्याने चिखलावरच कुठेतरी ठिपका दिला होता. पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत, टेकडीच्या पायथ्याशी, नेव्हिलची गाडी मागून कुणी धरून ठेवावी तशी थांबली. तो गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. बापाने चौथ्या दिवशी गाडी भंगारात घातली. मधले तीन दिवस ती मागच्या पडवीत उभी होती. हेडलीला जाऊन पाहता आलं असतं, पण त्याची छाती झाली नाही.

आता त्याने मातीच्या फटीत बोट घातलं. बोटाला खिळ्याचं टोक लागलं. उघडं, बोडकं, क्लिपशिवाय. त्याने चटकन हात काढून घेतला. चिखलातून काय डोंबल कळतंय, असं त्याने स्वतःला बजावलं.

बोली लागली तेव्हा हॉलमध्ये फारसा कुणाला रस नव्हता. तरी हेडलीने कार्ड वर केलं की लिलाववाला त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघे आणि म्हणे, "मागचे साहेब." चार वेळा असं झालं. बोली भलतीच चढली, पण हेडलीने हात खाली घेतला नाही. शेवटी लिलाववाला मागे पाहून म्हणाला, "नाही? मान हलवताय म्हणजे नाहीच ना? बरं, मग समोरच्या काकांची."

हेडलीने वळून पाहिलं. मागे लोखंडी शटर होतं, ओढून घेतलेलं. शटरपाशी ओल्या बुटांचे दोन ठसे होते.

घरी थेल्माने, त्याच्या बायकोने, गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून स्वागत केलं. "चालत नाही, फिरत नाही, घाण तेवढी भरपूर. म्हणजे तुझ्यासारखीच की रे!" मग पाटीवरचा आकडा तिला दिसला आणि तिचा आवाज उतरला. "अरे हेडली. नेव्हिलची?"

त्याने मान डोलावली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ठिपक्याची गोष्ट तेवढी त्याने तिला सांगितली नव्हती. चहाच्या टपरीवर त्या दिवशी तीच तर होती.

नऊ दिवस तो गोळ्याला हात लावू शकला नाही. आज गुडघा दुखतोय, उद्या उजेड नीट नाही, अशी कारणं काढत राहिला. इंजिन तेवढं त्याने उघडून पाहिलं. आत तेलाचा थेंब नव्हता, सगळा गंज. तरी दुसऱ्या दिवशी गाडीखाली तळहाताएवढा ताज्या तेलाचा डाग होता. त्याने पुसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा होता. बर्मिंगहॅमच्या गाड्या गळायच्याच, पण गळायला आत काही लागतं.

मग वास आला. तापलेल्या एरंडेलाचा, गोडसर. शर्यतीच्या गाड्यांत तेव्हा तेच घालायचे.

"स्वयंपाकघरापर्यंत येतोय," थेल्मा म्हणाली. "आणि गाडी दाराकडे का वळवून ठेवलीस? मला कपडे धुवायच्या यंत्रापाशी जाता येत नाही."

हेडलीने गाडी वळवली नव्हती. ते चाक दोन माणसांनाही हललं नसतं.

दहाव्या दिवशी जेवण झाल्यावर, ऊन खिडकीतून थेट मागच्या चाकावर पडलं असताना, तो छिन्नी आणि रॉकेलचा डबा घेऊन बसला. आता कारणं संपली होती.

छिन्नी लागलीच नाही.

गोळा आधीच फुटून जमिनीवर पडला होता. माती ओली होती.

साखळी अखंड होती. त्याने चष्मा पुसला, ब्रशने एकेक कडी साफ केली. गंज, गंज, गंज. मग क्लिप.

मासा पुढे पोहत होता. तोंड पुढे, शेपूट मागे. वर लाल ठिपका.

हेडली जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुटलो, असं त्याला वाटलं, अगदी हेच, याच शब्दात. त्याने थेल्माला हाक मारली आणि ती आल्याबरोबर सगळं भडाभडा सांगून टाकलं. ठिपका, खोटं, पडवीतले तीन दिवस, सगळं.

"वेड्या," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले. "एवढी वर्षं एकटाच उरावर घेऊन बसलास? बघ, बरोबरच होती की!" तिने वाकून क्लिपवर बोट ठेवलं.

बोट तिने उचललं ते तसंच धरून राहिली.

"हेडली," ती हळूच म्हणाली, "हा रंग ओला आहे."

गॅरेजात आता एरंडेलाचा वास नव्हता. नेलपॉलिशचा होता. थेल्माने आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नव्हतं.

हेडलीला लिलावातलं ते उघडं टोक आठवलं. त्याच्या बोटाने तेव्हाच खरं सांगितलं होतं. मागचे साहेब कोण होते आणि गाडी त्याला मिळू नये म्हणून का झटत होते, तेही त्याला कळलं. मिळालीच म्हटल्यावर मग हे. भावाने त्याची लाज झाकली होती, जशी लहानपणी झाकायचा.

"पाहिली," तो दाराकडे बघून म्हणाला. "या वेळी खरंच पाहिली रे, नेव्ह."

क्लिप जिने बसवतात त्या पकडीसाठी त्याने भिंतीकडे पाहिलं. तिचा खिळा रिकामा होता. पक्कड चाकाखाली पडली होती. त्याने ती उचलली. नोव्हेंबरच्या त्या गार फरशीवर पडलेल्या पकडीची मूठ उबदार होती, नुकतीच कुणी खाली ठेवावी तशी.