मातीच्या विधवेचा खून

"हिनंच माझी विधवा फोडली!" शिल्पकार व्हासूर ओरडला.

मोंपार्नास या कलावंतांच्या वस्तीतल्या त्याच्या शिल्पशाळेत विधवेचा मातीचा पुतळा तुकडे होऊन पडला होता, शेजारी हातोडा. आज त्याचा प्लास्टरचा साचा निघायचा होता. शिष्या क्लेमांसला व्हासूरने काल दुपारीच हाकललं होतं. आता तिचा दंड हवालदाराच्या मुठीत होता. त्याला बोलावून आणलं होतं गास्पारने, गुप्तहेर लाफार्गच्या उतावळ्या मित्राने.

लाफार्गने हातोडा पाहिला. स्वच्छ. मातीचा तुकडा हातात धरताच उबेने त्याचे पापुद्रे सुटू लागले. मग त्याने चेहऱ्याचा तुकडा उचलला. गालावर अंगठ्याचे बारीक ठसे होते. व्हासूरचे हात फावड्यासारखे रुंद होते.

"इथली चावी कुठंय, पोरी?" लाफार्गने विचारलं.

"कालच साहेबांना दिली."

"दुसरी करून घेतली असेल," गास्पार पुटपुटला.

झाडलोटवाली ब्रिजूबाई बादलीतला बर्फ फोडत होती.

"शेगडी कोण बघतं, बाई?"

"हिवाळ्यात साहेबच. वीस वर्षं रात्री पुतळ्याशेजारी झोपतात, बायकोच्या वाट्याला कधी आले नाहीत! काल मात्र घरी गेले. मला म्हणाले, कोळसा मी घालतो, तू नीघ."

कोळशाची टोपली काठोकाठ भरलेली होती.

"ओल्या मातीवर घाव बसला, तर हातोडा बरबटतो," लाफार्ग म्हणाला. "हा कोरडा आहे. म्हणजे माती आधीच गोठली होती. आतल्या पाण्याचा बर्फ झाला, पापुद्रे सुटले. सकाळी तुमचा नुसता धक्का पुरला. शेगडी तुम्हीच विझू दिलीत, व्हासूर. हातोडा ठेवलात तो हिच्यावर आळ यावा म्हणून."

"स्वतःचाच पुतळा कोण फोडेल?" गास्पारने विचारलं.

"चेहऱ्यावरचे अंगठे बघ. त्यांच्या हाताचे नाहीत ते."

व्हासूरने तो तुकडा लाफार्गच्या हातून घेतला. "तीन महिने मला तो चेहरा जमला नाही. हिनं एका दुपारीत केला. पुतळ्यावर माझंही नाव घाला म्हणाली. मी हाकललं. पण ते डोळे माझे म्हणून मिरवायचं धाडस होईना, आणि हिचे म्हणायचंही. मला क्षमा कर, पोरी."

गास्पारला क्लेमांसकडे मान वर करून बघवेना. हवालदार आणायला तोच धावला होता.

हवालदाराने तिचा दंड सोडला आणि वही काढली. "कुणाचा पुतळा फुटला म्हणून लिहू?"

व्हासूरने त्या तुकड्यांकडे पाहिलं.

"हिचा," तो म्हणाला.