पाय आखडून घेताना

मिरजेच्या स्नायुसंशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर एकही माणूस आजारी नव्हता, तरी सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. चांगली ठणठणीत माणसं तिथे दिवसरात्र उताणी पडून असत. उठायचं नाही, बसायचं नाही, गुडघा वाकवायचा नाही. जेवण, वाचन, अंग पुसणं, सगळं आडव्यानंच. पडून राहिलेल्या माणसाच्या पायांचं मांस किती झडतं आणि नवं औषध ते कितपत थांबवतं, हे पाहण्यासाठी ही मंडळी आपण होऊन आली होती. बाहेरच्या रिक्षावाल्यांनी या मजल्याला ‘आळशांचा वॉर्ड’ असं नाव पाडलं होतं. नाव पाडणाऱ्यांनी एक दिवस तरी तसं पडून दाखवावं.

खिडकीजवळच्या खाटेवर शैलजा आवटी होत्या. जन्मभर शाळेत खो-खो शिकवलेल्या या बाईंना एका जागी पडून राहणं म्हणजे शिक्षाच होती. पण त्या मुलासाठी आल्या होत्या. विश्वजित पवनचक्कीच्या मनोऱ्यावरून पडला त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि कमरेखाली त्याला काही हलवता येत नव्हतं. मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही, असं डॉक्टर म्हणत. पण उद्या त्यावर इलाज निघाला तरी उभं राहायला पायांत मांस उरायला हवं, आणि ते तर डोळ्यांदेखत वितळत चाललं होतं. ते राखू शकेल असं एकच औषध नजरेसमोर होतं. त्याची चाचणी लवकर संपावी म्हणून शैलजाबाईंनी स्वतःच अंथरूण धरलं होतं.

औषधाचं नाव दर्दुरिन. दर्दुर म्हणजे बेडूक. जांभ्याच्या सड्यावर, उघड्या कातळावर, एक चिमुकला बेडूक राहतो. पावसाळा सरला की तो दगडाच्या फटीत शिरतो आणि सात-आठ महिने तसूभरही हलत नाही. पण बाहेर आला की पहिल्याच झटक्यात हातभर उडी मारतो. न हललेल्या पायांत ही उडी शिल्लक राहते कशी, या एका प्रश्नापायी डॉ. यशोधरा गुळवणींनी आपली उमेदीची वर्षं घातली होती. त्या बेडकाच्या रक्तात त्यांना एक प्रथिन सापडलं. पडून असलेल्या स्नायूला ते जणू सांगत राहतं, की तू अजून कामावरच आहेस. त्यावरूनच दर्दुरिन तयार झालं आणि देशातल्या पाच केंद्रांत त्याची चाचणी सुरू झाली. अर्ध्या लोकांना दर्दुरिन टोचायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळतंय, हे पडणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि टोचणाऱ्यालाही; ते फक्त चाचणी समितीला माहीत.

चाचणी शेवटच्या आठवड्यात आली आणि नागपूरहून चाचणी समितीचे डॉ. हरदास येऊन थडकले. माणूस तरुण, बोलायला मऊ, पण चेहरा गंभीर.

“मॅडम, बाकी चार केंद्रांत औषधानं कमाल केलीय,” ते म्हणाले. “मिठाच्या पाण्यावर होते त्यांच्या मांड्या उतरल्या. दर्दुरिनवाल्यांच्या शाबूत राहिल्या. फक्त मिरजेत मिठाच्या पाण्यावरच्या लोकांचे पायसुद्धा जवळजवळ तसेच आहेत.”

“असं कसं होईल?”

“तुमची माणसं चोरून उठत असतील. किंवा...”

“किंवा आम्ही आकडे फिरवतोय. बोला की सरळ!” यशोधराबाईंचा आवाज चढला.

हरदासांनी हात जोडले. “मी तसं म्हणत नाही. पण समिती म्हणेल. त्यापेक्षा मिरज वगळून टाकू. चार केंद्रांच्या निष्कर्षांवर याच वर्षी परवाना मिळेल. मिरज धरलं, तर ‘औषध न घेता पाय शाबूत राहतात, मग औषध कशाला?’ असं विचारतील आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. त्यात तीन-चार वर्षं जातील.”

यशोधराबाई हरदासांना घेऊन थेट वॉर्डात गेल्या आणि शैलजाबाईंना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. मिरज वगळलं तर विश्वजितला औषध लवकर मिळेल, हेही लपवलं नाही.

शैलजाबाई छताकडे बघत म्हणाल्या, “औषध मला हवंय डॉक्टर. किती हवंय ते तुम्हाला सांगायला नको. पण वगळायचं म्हणजे आम्ही लबाडी केली असंच ना? खो मिळायच्या आधी जो उठला, त्याला जन्मभर फाऊल दिलाय मी. माझ्या विश्वजितलासुद्धा भर सामन्यात दिलाय. आणि मी उठीन होय? ह्या वॉर्डात कुणी उठलेलं न्हाई. आता का न्हाई झडलं मांस, ते तुम्ही शोधा की!”

यशोधराबाईंचा ऊर भरून आला. या माणसांवर एवढा विश्वास आपणच आधी दाखवायला हवा होता, असंही वाटून गेलं.

शेजारच्या बाई घरच्या अडचणीमुळे कालच निघून गेल्या होत्या आणि त्यांची खाट रिकामी होती. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि त्या तिच्यावर सरळ उताण्या पडल्या. “हरदास, तुम्ही तिकडे पडद्यापाशी बसा. यांना काय काय होतं, ते मी पडूनच बघते.”

प्रत्येक खाटेवरची चादर साधी नव्हती. तिच्यात विणलेले तंतू पायांची हालचाल टिपत आणि कोपऱ्यातल्या पडद्यावर खाटांच्या आकृत्या उमटत. पाय हलला की तिथे केशरी रंग पसरे. गेल्या पाच आठवड्यांत त्या आकृत्या जवळजवळ सतत करड्याच राहिल्या होत्या.

पडल्यापडल्या यशोधराबाईंना प्रथम जाणवली ती वर्दळ. इतर केंद्रांत भेटायला बंदी होती, नातेवाइकांशी बोलायचं ते पडद्यावरून. मिरजेत ही बंदी दोन दिवससुद्धा टिकली नव्हती. इथे कुणी दवाखान्यात पडलं की अख्खी गल्ली भेटून जाते. आणि माणूस आजारीच नाही म्हटल्यावर तर लोक ‘बघू तरी काय प्रकार आहे’ म्हणून जास्तच येत. सासरे, चुलते, शाळेचे हेडमास्तर, देवळातले स्वामी, एकामागून एक येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहत. भिंतीतल्या प्राणवायूच्या नळ्यांमुळे सगळ्यांची डोकी आतल्या बाजूला होती आणि पाय दाराकडे.

तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि दारात डॉ. नेमगोंडा मगदूम उभे राहिले. ऐंशी ओलांडलेले, केंद्राचे संस्थापक, यशोधराबाईंचे गुरू. रोज वॉर्डात दहा वेळा तरी डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

यशोधराबाईंचे दोन्ही तळवे नेमके सरांच्या तोंडासमोर होते. उठायला तर बंदी. त्यांना काही कळायच्या आत घोटे, पोटऱ्या, मांड्या, सगळं आतल्या आत आवळलं गेलं आणि सर पुढच्या खाटेपाशी जाईपर्यंत तसंच राहिलं. पाय हलला नव्हता, पण अक्षरशः दुखायला लागला होता.

“हरदास!” त्या ओरडल्या. “पडद्यावर काय दिसलं?”

“काहीच नाही. करडं.”

“यंत्र बारीक थरथर गोंगाट म्हणून गाळतं ना? ती चाळणी काढा. सर, जरा बाहेर जाऊन पुन्हा आत येता?”

“का गं? ह्या वयात माझी परीक्षा घेतेस काय?” म्हणत मगदूम सर काठी टेकत बाहेर गेले आणि परत आत आले.

पडद्यावर दारापासून खिडकीपर्यंत एकेक खाट केशरी होत गेली. सर ज्या खाटेपाशी थांबले, तिथला रंग गडद झाला, पुढे सरकले तसा तो निवळला. हरदास उठून उभेच राहिले.

“शैलजाताई, तुम्ही पाय आवळून धरता?” यशोधराबाईंनी विचारलं.

“म्हणजे काय!” शैलजाबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. “गुडघा वाकवू नका म्हणालात, न्हाई वाकवला. पण मोठ्या माणसाच्या पुढ्यात पाय पसरून कसं पडायचं वो? आतल्या आत आखडून घेतोच की आम्ही.”

हरदासांनी पाच आठवड्यांची मूळ नोंद चाळणीशिवाय पुन्हा तपासली. मिठाच्या पाण्यावर असून ज्यांच्याकडे वडीलधारी माणसं जास्त आली, त्यांचेच पाय जास्त शाबूत होते. औषध खोटं नव्हतं आणि माणसंही खोटी नव्हती. मोठ्यांचा मान राखताना त्यांनी नकळत पायही राखले होते.

“मिरज वगळायचं नाही,” हरदास म्हणाले आणि मग थोडे ओशाळून हसले. “खरं तर मिरजेवर वेगळं प्रकरण लिहावं लागेल. परवान्याला त्यामुळे काही महिने उशीर होईल, ताई.”

“होऊ दे,” शैलजाबाई म्हणाल्या. “चोख येऊ दे.”

चाचणी संपली त्या दिवशी सगळ्या खाटा एकेक करून रिकाम्या झाल्या. शैलजाबाई कुणाचा हात न धरता उभ्या राहिल्या, क्षणभर डुलल्या आणि मग मैदानात उतरावं तशा दारापर्यंत चालत गेल्या. सिस्टर टाळ्या वाजवत होत्या. खाली रिक्षावाल्यांपैकी एकजण पुढे होऊन म्हणाला, “बाई, बसा, घरी सोडतो.” त्या म्हणाल्या, “चालत जाणार आहे मी.” आणि खरोखरच गेल्या. मिरजेला आपल्या पायांचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नसेल.

पुढच्याच रविवारी यशोधराबाई एक चादर आणि छोटा पडदा घेऊन आवट्यांच्या घरी आल्या. औषध यायला अवकाश होता. तोवर विश्वजितच्या पायांची आजची अवस्था नोंदवून ठेवावी, एवढाच हेतू. चादर त्याच्याखाली घातली, चाळणी काढलेला पडदा उशाशी ठेवला. आकृती करडी होती. तसं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“उगाच कष्ट घेताय डॉक्टर,” विश्वजित म्हणाला. “माझे पाय आहेत हे मला डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजत नाही.”

इतक्यात अंगणात काठी वाजली. मगदूम सर शैलजाबाईंना शाबासकी द्यायला स्वतः आले होते. दारात उभे राहून त्यांनी “काय विश्वजित?” म्हटलं आणि विश्वजित कावराबावरा झाला. “या सर. माफ करा, पाय तुमच्याकडंच झालेत.”

पडद्यावर, डाव्या पोटरीच्या जागी, केसाएवढी एक केशरी रेघ उमटली आणि पुसली गेली.

शैलजाबाईंचा हात खाटेच्या दांडीवर होता. तो त्यांनी विस्तवावरून उचलावा तसा उचलला आणि त्या मागे सरून भिंतीला टेकल्या.

मगदूम सरांना काही सांगावं लागलं नाही. ते वळले, हळूहळू अंगणात गेले, थोडं थांबले. मग काठी पुन्हा वाजू लागली. पायरी. उंबरा. सर दारात आले.

रेघ पुन्हा उमटली. या वेळी ती लगेच पुसली गेली नाही.

विश्वजित पडद्याकडे बघत होता. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

“आई, तू खाटेला हात तर नाही ना लावलास?”