बारा मात्रांची टाळी

हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्यासोबत घडलंय. गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे चार, माझाच हॉल. ज्यांना फेकाफेक वाटेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. एकटी राहते. माझी सख्खी ताई दोन गल्ल्या सोडून राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

ठेवायचे.

ताई तीन महिने एका क्लासमध्ये फ्लेमेंको, म्हणजे स्पॅनिश ढंगाची गिटार शिकत होती. त्या रविवारच्या आदल्या दिवशी ती अचानक गिटार घेऊन माझ्याकडे आली.

"माझी बोटं दुखतात. तू शिक. सुरुवातीचं मी दाखवते."

"ताई, माझा आणि सुरांचा छत्तीसचा आकडा आहे."

"सूर नंतर. आधी ताल."

फ्लेमेंकोत बारा मात्रा मोजतात. जोर तिसरी, सहावी, आठवी, दहावी आणि बारावीवर. एकाने टाळी द्यायची, दुसऱ्याने नखांनी तारा छेडायच्या. माझी नखं प्लास्टर घासून घासून झिजलेली. तरी तासभर ताईने टाळी दिली, मी खडखडाट केला. मजा आली.

उठताना ती म्हणाली, "आजपासून टाळी तुझी. म्हण, माझी."

"माझी," मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. चपला घालून जवळजवळ पळालीच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एकटीच वाजवायला बसले.

आणि मागून टाळी आली...

हलकी. तिसरीवर, सहावीवर, आठवीवर.

शेजारी कुणी असेल म्हणून दार उघडलं. शेजारच्यांच्या दाराला कुलूप. जिन्यातही कुणी नाही.

परत बसले. परत टाळी. आठव्या मात्रेवर माझं बोट घसरलं...

टाळी थांबली.

मी पुन्हा एकपासून सुरू केलं. टाळीही एकपासून सुरू झाली.

मला दरदरून घाम फुटला. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, कसंबसं मिनिटभर वाजवलं आणि ऐकलं.

त्यात गिटार नव्हतीच.

फक्त टाळ्या होत्या...

तशीच ताईकडे धावले. फोन तिच्यासमोर धरला. "हे ऐक. माझ्या हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या देतंय."

तिने ऐकलंसुद्धा नाही. खाली बघत विचारलं, "आपण चुकलो की थांबतो ना तो?"

थांबण्याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.

"तुला माहीत होतं?"

"क्लासमधल्या एका बाईने मलाही असंच म्हणायला लावलं होतं. दुसऱ्या कुणी 'माझी' म्हटल्याशिवाय तो सोडत नाही."

"मग मीच सापडले?"

"माझ्या घरात लेकरू आहे गं, छकुले. तुझ्या मागे कोण आहे?"

किती शांतपणे म्हणाली. जिने माझ्या वेण्या घातल्या, तिने माझा हिशेब असा केला. मला रडूही आलं नाही. नुसती आग झाली अंगाची.

मी आता गिटारला हात लावत नाही. तरी रोज चार वाजले की टाळी सुरू होते. लॅबमध्ये असले तरी. कान दाबले तरी.

काल दुपारी दार वाजलं. ताई होती, आणि मावशीकडे जायचंच म्हणून हट्टाने आलेली तिची नऊ वर्षांची लेक. पोरगी सरळ आत धावली. कोपऱ्यातली गिटार तिने मांडीवर ओढली.

"मावशी, मला शिकवशील?"

दारातल्या ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्यापुढे हात जोडले.

मला लगेच 'नाही' म्हणता आलं असतं.

मी ताईकडे बघत राहिले.