आत किती?

हसताय काय रे पोरांनो? भुतं काय फक्त झाडावरच लटकतात? कॉम्प्युटरवाले म्हणवता ना स्वतःला, मग गप्प बसून ऐका. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.

आमच्या ऑफिसात एक जण होता. दहा हाका मारल्याशिवाय जागचा हलायचा नाही, म्हणून आम्ही त्याला जावई म्हणायचो. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्र.

शहराबाहेर मासळीचं शीतगृह. दार आमच्या कंपनीने बसवलेल्या कॉम्प्युटरवर चालायचं. आत माणसं किती, ते सेन्सर मोजायचा. कुणी असेल तर आतलं बटण दाबताच दार उघडायचं, नसेल तर कुलूप. हे उत्तर ठेवायला कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक बूल होता. बूल म्हणजे हो किंवा नाही, एक किंवा शून्य, तिसरं काही नाही. आधीच्या इंजिनिअरने तिथे असेंब्लीच्या, म्हणजे थेट मशीनच्या भाषेतल्या, ओळी घुसडून सेन्सरचा आकडा जसाच्या तसा बूलमध्ये कोंबला. एक आला तर ठीक. दोन आला की घोटाळा! 'आहे का?' विचारलं तरी हो, 'नाही का?' विचारलं तरी हो. दाराला दोन्ही हुकूम एकदम, दार जाम. तो इंजिनिअर स्वतःच तपासायला आत गेला आणि तिथेच गोठून मेला.

साहेबाने मेलेल्यालाच शिव्या घातल्या. "कंपनीची अब्रू घालवून गेला!" मग जावयाला पिटाळलं. "शून्य सोडून काहीही आलं तरी एक धर, एवढी ओळ घाल. आणि आत उभा राहून तपास. नाही जमलं तर सोमवारी तोंड दाखवू नकोस."

जावयाने ओळ घातली. लॅपटॉप घेऊन आत गेला. मागे दार लागलं. आता सगळा जीव त्या एका ओळीवर.

थंडी हाडात शिरत होती. तेवढ्यात त्याच्या डोक्यात आलं... तो मेलेला इंजिनिअर तर एकटाच आत गेला होता. मग दोन आला कुठून?

त्याने पडद्यावर सेन्सरचा आकडा बघितला.

दोन.

मागे वळला. क्रेट. बर्फ. कुणी नाही.

"कोण आहे?"

...

मानेवर श्वास. गरम.

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा...

खट्!

दार उघडलं. जावई लॅपटॉपसकट धडपडत बाहेर पडला, दार लावलं आणि साहेबाला फोन केला.

"साहेब, आत... आत कुणीतरी..."

"मूर्खा, झोपेतून उठवलंस! आकडा किती दाखवतोय ते सांग."

जावयाने पडद्यावर बघितलं. आत दोन होते. बाहेर तो एकटा आला. म्हणजे एक उरायला हवा होता.

"शून्य, साहेब."

"मग झालं की काम! जा घरी."