शेवटच्या डब्याचा दिवा

रविवारचं जेवण उरकलं, भांडी आवरली, की कोलमन ट्रेसी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा आणि त्याची बायको अट्रॅक्टा म्हणायची, "बसले आमचे स्टेशनमास्तर." खरं तर कोलमनने रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हती. जिल्ह्याच्या मोजणी खात्यात रस्ते आणि बांध मोजता मोजता तो निवृत्त झाला होता. पण आयर्लंडातल्या बंद पडलेल्या आगगाड्यांचं वेड त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याच्यासारख्या वेड्यांचा इंटरनेटवर एक गट होता. कुणाच्या माळ्यावर जुने फोटो सापडायचे, कुणाच्या काकांच्या पेटीत फिल्मची रिळं निघायची, ती साफसूफ करून गटावर टाकायची आणि मग खाली भांडणं जुंपायची. इंजिन कुठलं, साल कोणतं, डबे किती. बायकोचा वाढदिवस विसरणारी ही माणसं इंजिनाचा नंबर चुकला तर दोन दोन दिवस धुसफुसत. बेलफास्टचा आल्बर्ट तर चुका काढण्यासाठीच जन्माला आला होता, असं सगळ्यांचं मत होतं.

कोलमनचं भाग्य असं, की तो राहायचाच रेल्वेच्या फाटकघरात. कॅरोमॉइलचं फाटक अट्रॅक्टाच्या आईनं, कॉन्सेप्टानं, तरुणपणापासून सांभाळलं होतं. १९६३ साली शेवटची गाडी गेली, मग रूळ उखडले, आणि आता त्याच वाटेवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी गुळगुळीत डांबरी पट्टा झाला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंची पांढरी फाटकं मात्र कोलमनने हौसेनं रंगवून ठेवली होती. ती कायमची उघडी असत. बिजागऱ्या गंजून इतक्या एकजीव झाल्या होत्या, की घण घातला तरी हलल्या नसत्या.

कॉन्सेप्टा म्हातारी होऊन, अंथरुणाला खिळून, या गोष्टीच्याच वर्षी फेब्रुवारीत गेली. बाई कामाला वाघ होती, पण दोन बाबतींत हट्टी. गावातून येणारा रस्ता फाटकाशी येतो, आणि घर रुळांच्या वाटेपलीकडे. चार पावलं टाकली की दार. पण कॉन्सेप्टा शेवटच्या गाडीनंतर कधी तिथून सरळ आली नाही. ती खाली उतरून वाटेखालच्या ओढ्याच्या मोरीतून, चिखल तुडवत, वळसा घालून यायची, आणि अट्रॅक्टालाही तसंच आणायची. कुणी विचारलं तर, दूधवाला अजून आला नाही म्हणावं इतक्या साधेपणानं सांगायची, "गाडी अजून गेली नाही."

दुसरा हट्ट खिडकीतल्या दिव्याचा. आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागे लाल काचेचा दिवा टांगतात, तसा एक काळा लोखंडी दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. तो कधी लावायचा नाही, अशी तिची ताकीद होती. ती गेल्यावर कोलमनने तो घासून लख्ख केला, वात घातली, रॉकेल भरलं. पण काडी ओढणार तेवढ्यात अट्रॅक्टानं त्याचा हात धरला.

"राहू दे रे. आईचं एवढं तरी ऐकू."

"आणि मोरीतून जायचं?"

"छे, गुडघे गेलेत माझे. मी आपली सरळ येणार. आई वरून शिव्या घालेल, घालू दे."

ऑक्टोबरात माळा साफ करताना त्याला फिल्मचं एक रीळ सापडलं. वरचं टपालाचं वेष्टन तसंच होतं. मालाकी नावाचे एक आगगाडीवेडे पाद्री त्या काळी कॅमेरा घेऊन हिंडत. त्यांनी शेवटच्या दिवसाची फिल्म काढून कॉन्सेप्टाला भेट पाठवली होती, आणि तिनं ती फोडलीसुद्धा नव्हती. कोलमनला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं रीळ संगणकावर उतरवलं आणि त्या रविवारी गटावर टाकलं.

फिल्म छोटी, मुकी, रंग उडालेली. धुरकट सकाळ. फाटकं रस्त्यावर आडवी लावलेली. शेजारी कोट घातलेली तरुण कॉन्सेप्टा. इंजिन येतं, डबे जातात, ती हात हलवते, संपलं.

खाली नेहमीप्रमाणे गर्दी झाली. लिमरिकच्या फिंटननं लिहिलं, "डोळ्यांत पाणी आलं, गड्या. आणि डबे तीन." कॉर्कच्या कुणी चार म्हटलं. फिंटननं त्याला चष्मा बदलायला सांगितलं. मग आल्बर्ट उगवला. "डबे किती ते मरू द्या. शेवटच्या डब्याला दिवा कुठं आहे? दिवा दिसल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असं कुठलाही सिग्नलवाला मानणार नाही. मागं काही सुटून राहिलं असेल तर? नियमानं ती गाडी अजून त्या टापूतच आहे."

कोलमनने फिल्म पुन्हा लावली, शेवट अगदी हळूहळू पुढे सरकवला आणि मोठ्यानं हसला. "अट्रॅक्टा, इकडं ये. तुझी आई चोर होती!"

शेवटचा डबा फाटकासमोर असताना कॉन्सेप्टा दोन पावलं पुढे होते, डब्यामागच्या आकड्यावरचा दिवा उचलते आणि कोटाखाली घालते. अट्रॅक्टानं डोळे पुसत पुसत हसून घेतलं. "आणि आम्हाला सांगायची, पाद्र्यांच्या बागेतलं सफरचंदसुद्धा उचलू नका!"

मग ती पडद्याकडे वाकली. "पण कोलमन, चालत्या गाडीचा दिवा कसा काढला तिनं?"

कोलमनने परत पाहिलं. गाडी थांबलेली होती. पहिल्यांदा पाहताना ती थांबली नव्हती, हे तो शपथेवर सांगू शकला असता. या फाटकावर गाडी कधीच थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी गटावर डब्यांचं भांडण चिघळलं होतं. काल तीन म्हणणारा फिंटन आज पाच म्हणत होता. कुणी सहा. एकमेकांच्या अकला निघाल्या. कोलमन मोजणीतला माणूस. त्यानं चहा बाजूला ठेवला आणि बोट लावून मोजले. पाच. चहा पिऊन परत मोजले तर सात. फिल्मची लांबी तीच होती. मग त्यानं मूळ रीळ खिडकीशी उजेडात धरलं आणि एकेक चौकट डोळ्यांखालून घातली. डब्यामागून डबा येत होता, आणि शेवटचा डबा काही सापडेना.

कोलमन घाबरला. त्यानं रीळ डब्यात घातलं, डबा कपाटात घातला आणि अट्रॅक्टाला काही बोलला नाही.

पण तो तिच्यावर नजर ठेवू लागला. ती दुपारी गावात गायनाच्या तालमीला जायची आणि दूध-पाव घेऊन फाटकातून सरळ घरी यायची. ती फाटकातली चार पावलं टाकत असताना तो खिडकीत उभा राहायचा.

"लग्नाआधीसुद्धा इतकी वाट पाहिली नाहीस," ती म्हणाली.

"मोरीतून येत जा ना काही दिवस."

"तूही? आईचं भूत अंगात आलं की काय तुझ्या?" ती हसली, पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिनं हसू आवरलं. "बरं बाबा. उद्यापासून."

तो उद्या गुरुवार होता. दुपारी धुकं इतकं दाटलं, की खिडकीतून फाटकाचा नुसता पांढरा डाग दिसत होता. अट्रॅक्टा तालमीला गेलेली. कोलमनने लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं, आणि उघडला. आल्बर्टनं लिहिलं होतं, "कोलमन, चेष्टा पुरे. १९६३च्या फिल्ममध्ये ही चमकत्या पिवळ्या जाकिटातली बाई कुठून आणलीस?"

त्यानं फिल्म लावली.

गाडी फाटकाशी उभी होती. डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. आडव्या फाटकामागं अट्रॅक्टा उभी होती. पिवळं जाकीट तिनं मागच्याच आठवड्यात घेतलं होतं. हातात पिशवी. ती फोन कानाला लावत होती.

टेबलावरचा फोन वाजला.

"कोलमन, फाटक तू लावलंस का रे?" तिचा आवाज नेहमीचाच होता. "हलत नाहीये. आणि हो, मोरी विसरले मी. रागावू नकोस."

"तिथंच थांब. फाटकाला हात लावू नकोस."

"अरे पण इथं कसला तरी..."

पुढचे शब्द खडखडाटात बुडाले. तो खडखडाट फोनमधून येत होता, आणि खिडकीतूनही.

तो दाराकडे धावला. दारात त्याला दिव्याची आठवण झाली. इतक्या वर्षांचं वाचन एका क्षणात कामाला आलं. दिवा नाही म्हणून गाडी संपत नाही. संपत नाही म्हणून फाटक उघडत नाही. गाडीचा दिवा गाडीला दिला की झालं, ती निघून जाईल आणि अट्रॅक्टा घरी येईल. त्यानं दिवा उचलला, काडी ओढली. वात लगेच पेटली.

बाहेर फाटकं रस्त्यावर आडवी लागलेली होती. दोन्ही. बिजागऱ्यांवरचा गंजही तसाच होता.

वाटेवर दिसत काहीच नव्हतं. पण धुकं एका दिशेनं ओढलं जात होतं, कुंपणाची झुडपं वाकत होती, पायाखाली जमीन हादरत होती. कोळशाचा वास नाकात बसला. एक डबा गेला. दुसरा. तिसरा. मग त्यानं मोजणं सोडलं.

"अट्रॅक्टा!"

"इथंय मी!" पलीकडून आवाज आला. "कोलमन, आई आहे इथं. ती फाटक धरून उभी आहे. मला पुढं सोडत नाही."

त्यानं फाटकावरून वाकून दिवा पुढे धरला.

"नको, ती नको म्हणतेय! कोलमन, दिवा..."

कुणीतरी त्याच्या हातातून दिवा घेतला. हिसकावला नाही. ओळखीच्या माणसानं घ्यावा तसा, सावकाश घेतला.

आकड्यावर लोखंड अडकल्याचा आवाज झाला.

खडखडाट थांबला. अगदी समोर एक दार उघडलं. मग ते बंद झालं.

शिट्टी झाली आणि डबे हलले. लाल उजेडाचा एक ठिपका धुक्यात लहान लहान होत गेला. दोन्ही फाटकं कुरकुरत आपापल्या जागी परतली. पलीकडे रस्त्यावर दुधाची बाटली आणि पाव असलेली पिशवी नीट उभी ठेवलेली होती.

पोलीस आले. गावकऱ्यांनी ओढा, मोरी आणि दोन्हीकडचं रान पालथं घातलं. गायनाच्या तालमीतल्या बायका सँडविचं घेऊन आल्या आणि कोलमनच्या शेजारी बसून रडल्या. अट्रॅक्टा मिळाली नाही.

रविवारी कोलमनने लॅपटॉप उघडला. फिल्म आता बरोबर होती. आधी कधीच न दिसलेला तिचा मधला भागही होता. गाडी फाटकाशी थांबते. शेवटच्या डब्याचं दार उघडतं आणि आतून एक हात बाहेर येतो. कॉन्सेप्टाच्या मागं उभी असलेली पाच वर्षांची अट्रॅक्टा तो हात धरते, पायरीवर एक पाय ठेवते. कॉन्सेप्टा तिला दंडाला धरून मागं ओढते. मग कॉन्सेप्टा डब्याच्या मागं धावते आणि दिवा काढून घेते. गाडी जागची हलत नाही. कोलमनने हे सगळं पाहिलं आणि तोंडावर हात दाबून धरला. म्हातारीनं जन्मभर थोपवलेली गाडी त्यानं स्वतःच्या हातानं सोडली होती.

नंतर दिवा परत आकड्यावर येतो, पेटलेला. गाडी निघते. शेवटच्या डब्याच्या खिडकीत पिवळं जाकीट आहे. अट्रॅक्टाचा तळवा काचेला टेकलेला आहे आणि ओठ हलत आहेत. फिल्म मुकी आहे. फाटकाशी कॉन्सेप्टा रिकाम्या हातांनी उभी आहे. ती गाडीकडे पाहत नाही. ती कॅमेऱ्याकडे, थेट कोलमनकडे पाहत आहे.

खाली आल्बर्टची ओळ होती. "आता कसं! डबे चार, दिवा जागेवर. गाडी पूर्ण गेली."

त्या रविवारी गटावर कुणीच भांडलं नाही. सगळ्यांनी चारच मोजले होते.