रावेरात केळी विकत घेणारा

उद्घाटनाच्या दिवशी माझ्या मार्टच्या दारात एक तरुण पोट धरून हसत होता.

"काय झालं हो?" मी जरा रागातच विचारलं.

"मॅडम... रावेरात केळी? आणि तीही विकायला?"

दारातच मी केळ्यांचा हा मोठा ढीग रचला होता. वर झेंडूची माळसुद्धा घातली होती. "का? इथे कुणी केळी खात नाही?"

"खातात की! विकत घेत नाहीत. ज्याची बाग नाही, त्याच्या शेजाऱ्याची असते."

मी धुळ्याची. मला काय माहीत! कालपर्यंत तिथल्या दुकानात मी असिस्टंट होते, आज छातीवर 'स्टोअर मॅनेजर' अशी पट्टी होती. तिचा तोरा होताच. "महिनाभर बघ, नाही जमलं तर परत ये, तुझी जागा ठेवतो," असं एरिया मॅनेजर म्हणाले होते. ते चांगल्या मनानं म्हणाले, पण मला ते झोंबलं होतं.

तो तरुण आत गेला आणि एक डझन केळी घेऊन बाहेर आला. बिलासकट.

"आता का घेतलीत?"

"एवढी माळ घातलीय... वाईट वाटलं."

"केळ्यांचं?"

तो नुसता हसला. कानापर्यंत लाल झाला होता. आपलं नाव नवीन आणि आपण केळीच्या बागा सांभाळतो, एवढं जाता जाता सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी मी ढीग हलवला. बिलिंगवर येणाऱ्या बायकांना विचारलं, भुसावळला जाऊन काय काय आणता? तेच मागवलं. दुकान चालायला लागलं. केळ्यांची एक फळी मात्र तशीच ठेवली. का, ते मला विचारू नका. नवीन रोज संध्याकाळी यायचा, एक डझन घ्यायचा, आणि अर्धा तास बोलत उभा राहायचा.

एके दुपारी एक बाई तरातरा आत आल्या.

"तूच का ती मॅनेजरीन?"

"हो काकू, काय हवंय?"

"मी कुंदाबाई, नव्याची माय. घरी केयीचे घड पिकू रायले, अन् माह्या पोरगा रोज तुह्याकडून केयी इकत आनतो! अख्खं गाव हासू रायलं, व माय!"

बिलिंगच्या मुली तोंडावर हात दाबून हसल्या. म्हणजे जे मला आत्ता कळत होतं, ते गावाला कधीच कळलं होतं! मला कुठे लपावं ते सुचेना.

"मी तं तुले पाहाले आली व्हती," कुंदाबाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या. "पायलं." आणि चहापत्ती घेऊन निघूनही गेल्या.

महिना संपला तसा एरिया मॅनेजरांचा फोन आला. "मयुरी, येतेस परत?"

आईच्या हातचं जेवण, ओळखीचे रस्ते, डोक्याला ताप नाही... क्षणभर जीव तिकडे ओढला. पण समोर माझ्या मनानं लावलेलं दुकान भरलेलं दिसत होतं.

"नाही सर. हे दुकान मला जमतंय. मी इथेच राहते."

संध्याकाळी नवीन आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. आज त्यानं केळ्यांकडे बघितलंही नाही.

"ऐकलं ते खरं का? धुळ्याला चाललात?"

"कोण म्हणतं? राहतेय मी. पण दुकानासाठी हं, तुमच्यासाठी नाही. आधीच सांगते."

"बरं..." त्यानं मान खाली घातली. मग एकदम वर बघितलं. "पण मला तू आवडतेस, मयुरी. म्हणजे... खूपच."

भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत! पण मी नजर हलवली नाही.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "सहा दिवस दुकानाचे. मंगळवारी मला सुट्टी असते, तो तुझा. चालेल?"

"चालेल काय... पळेल!"