नगऱ्यातला समुद्र

दुकानात पाण्याचा एकच कॅन उरला होता आणि त्यावर एकदम दोन हात पडले. एक माझा, एक त्याचा.

सदर बाजारातलं ते आरओच्या पाण्याचं दुकान मे महिन्यात दुपारपर्यंतच रिकामं होतं. आमच्या विम्याच्या ऑफिसातला फिल्टर नेमका त्याच दिवशी बिघडला होता, आणि सगळ्यांत नवीन मी, म्हणून साहेबांनी मला भर उन्हात पिटाळलं होतं.

"भैया, पहले मैं आई थी!" मी दुकानदाराला बजावलं.

दुसऱ्या हाताच्या मालकाकडे मी वळून बघितलं. उंच, दाढीवाला, चष्मा घामानं नाकावर घसरलेला. त्यानं खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, कॅनचं झाकण उघडलं आणि ते पाण्यात बुडवून आकडा वाचू लागला. पाण्याला ताप आलाय की काय, कोण जाणे!

"आपको... पीने के लिए चाहिए?" त्यानं विचारलं.

"और काहे के लिए चाहिए होता है?"

"मुझे काई के लिए चाहिए."

काई म्हणजे शेवाळ. मी कपाळाला हात लावला. "इथं माणसांचा घसा सुकलाय आणि हा बाबा शेवाळाला पाणी पाजतोय," मी पुटपुटले. झाशीत मराठीतून कितीही पुटपुटलं तरी चालतं, हा माझा तोवरचा अनुभव.

"समुद्रातलं शेवाळ आहे," तो मराठीत म्हणाला. "त्याला नळाचं पाणी सोसत नाही. आणि मला मराठी येते... थोडी थोडी."

मी जीभ चावली. त्यानं मात्र निमूटपणे कॅन खांद्यावर घेतला आणि आमच्या ऑफिसचा जिना चढून वर आणून ठेवला.

"मग तुमच्या शेवाळाचं काय?" मी ओशाळून विचारलं.

"ते इंतज़ार करेल. तुम्ही या ना बघायला. नगरा मोहल्ल्यात घर आहे." मग घाईघाईनं, "आई असते घरी!"

त्याचे कान लाल झाले होते. उन्हानं झाले असावेत, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव नीलकंठ धारप. रेल्वे वर्कशॉपात इंजिनिअर. पूर्वज कोकणातून पौरोहित्यासाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. आणि मी बकुळ पवार. बाबा बबीन्याच्या छावणीत सुभेदार. मी तिथून रोज बसनं झाशीला नोकरीला यायचे. पठाणकोट, जोधपूर, बेळगाव, मग बबीना... "तुमचं घर कुठलं?" असं कुणी विचारलं की मी आधी "सध्या" म्हणायचे आणि मग गावाचं नाव घ्यायचे.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होताच मी नगऱ्यात गेले. बाहेरच्या खोलीत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर घरघरत होता आणि भिंतीला लागून काचेची लांबरुंद टाकी होती. तिच्यात डोकावले आणि... पाणी हलत होतं, आणि पाण्यात एक बागच्या बाग हलत होती. लाल झुबके, हिरव्या द्राक्षांचे लोंगर, विस्कटलेल्या लोकरीसारखा एक गुंता. सगळं एकदम डावीकडे झुके आणि एकदम उजवीकडे.

"पण मासे कुठंयत?" मी विचारलं.

"घ्या!" आतून पोह्यांच्या बशा घेऊन शकुंतलाकाकू, म्हणजे नीलकंठची आई, आल्या. "येईल तो हेच विचारतो. मी म्हणते, दोन मासे तरी आण रे! तर म्हणे ते शेवाळ खाऊन टाकतील. ह्या घरात माशापेक्षा शेवाळाचे लाड जास्त!"

"आणि प्रवाळ?"

"पाळायला कायद्यानं बंदी आहे," नीलकंठ म्हणाला. "पण हा बघा. हा माझा सगळ्यात खास."

दगडाच्या सावलीच्या अंगाला एक केशरी ढेकूळ चिकटलेलं होतं. अंगभर बारीक भोकं. सुंदर म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं, पण तो त्याच्याकडे असा बघत होता की मीही नीट बघू लागले. तो स्पंज होता, जिवंत. शेवाळाबरोबर आलेल्या दगडावर ठिपका बनून आला आणि इथेच वाढला. दिवसभर अंगातून पाणी गाळत बसायचं आणि त्यातलं बारीकसारीक खायचं, एवढंच त्याचं काम. नीलकंठ त्याच्यासाठी खिडकीतल्या बाटलीत हिरवं पाणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ, वाढवायचा. काकू त्याला "बाळाचं दूध" म्हणायच्या.

"ह्याला हृदय कुठं असतं?"

"नसतं."

"अगदीच नाही? आणि डोकं?"

"ते पण नाही."

"मग ह्याला कळतं कसं, कुठं राहायचं ते?"

त्यानं काचेवर बोट टेकवलं. "लहान असतो तेव्हा पोहतो. मग एखादी जागा मिळते... बसतो. मग उठत नाही."

"जन्मभर?"

"हो. माझ्यासारखा," तो हसत म्हणाला.

मला का कोण जाणे, हसता आलं नाही. मला पोहायचं सगळं माहीत होतं. बसायचं कसं असतं, ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर शनिवार नगऱ्याचा झाला. घरी मी "ऑफिसात काम" म्हणायचे आणि आई "बरं" म्हणायची. त्या "बरं"मध्ये बरंच काही असायचं. मी शेवाळ छाटायला शिकले. पंख्याच्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी रोज थोडं वाफ होऊन उडायचं. एकदा भर घालताना मी मिठाची पिशवी उचलली, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"मीठ नको. पाणी उडतं, मीठ उडत नाही. ते इथेच राहतं. फक्त गोडं पाणी घाला."

मनगट सोडायला त्याला अंमळ उशीर झाला.

"तुम्हा लोकांचंही तसंच म्हणायचं," मी म्हटलं. "इथली बाकीची मराठी माणसं उडाली. तुम्ही मागे राहिलात."

"खारट आहोत का आम्ही?"

"चाखून कुणी बघितलंय!"

बोलून गेले आणि माझंच तोंड तापलं. त्यानं कात्री उचलली आणि धडधाकट शेवाळही छाटून टाकलं.

एक गोष्ट त्यानं मला पुन्हा पुन्हा बजावली होती. स्पंजाला कधी हवा लागू द्यायची नाही. एकदा त्याच्या भोकांत हवा शिरली की निघत नाही, तो आतून सडत जातो. दगड हलवायचा तर पाण्यातल्या पाण्यात. टाकी बदलली तेव्हा म्हणे त्यानं दगड बादलीत पाण्याखालीच भरला आणि नव्या टाकीत बादली बुडवूनच काढला. इतका जपून चालणारा माणूस! मला त्याचं हे जपणं आवडायचं, आणि त्याचाच रागही यायचा. कारण शेवाळाबद्दल तो तासभर बोले, आणि ज्याबद्दल बोलायला हवं त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

श्रावण सरला आणि बाबांच्या रिटायरमेंटची तारीख आली. आई सातारच्या घराला रंग कुठला द्यायचा ते ठरवू लागली. मी जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला जायचं नव्हतं. पण कुणी "थांब" म्हटल्याशिवाय थांबायचं तरी कुणाच्या जिवावर? आणि मीच आधी का बोलायचं? पवारांची मुलगी मी, आमच्यातही मान म्हणून काही असतो!

त्या शनिवारी नीलकंठचा हात कोपरापर्यंत टाकीत होता. स्पंजाचा दगड तो जरा सावलीकडे सरकवत होता.

"बाबा रिटायर होतायत," मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं. "पुढच्या रविवारी ट्रक येतोय. आम्ही साताऱ्याला चाललो."

तो गर्रकन वळला. वळला तो दगडासकट. हात बाहेर, हातात दगड, दगडावर तो केशरी जीव, आणि खारं पाणी काकूंच्या पुसलेल्या फरशीवर टपटप गळतंय... त्याला पत्ताच नाही. तो फक्त माझ्याकडे बघत होता.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही पण?"

"नीलकंठराव," मी हळूच म्हटलं, "तुमचा हात..."

त्यानं खाली बघितलं. चेहरा पांढराफटक पडला. दगड परत पाण्यात ठेवून तो तिथेच फरशीवर बसला. मी घाबरले होते, मला त्या स्पंजाची दया येत होती, सगळं खरं. पण खोटं कशाला बोलू? मला आनंदही झाला. इतक्या महिन्यांत जे तोंडातून निघालं नव्हतं, ते त्या हातानं सांगून टाकलं होतं.

मी वाट बघितली. तो म्हणाला, "साताऱ्यात... हवा चांगली असते, ना?"

मी पर्स उचलली आणि तडक बसस्टँड गाठला. आठवडाभर त्याचा फोन घेतला नाही.

पण शनिवार आला, दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार होता, आणि पाय आपोआप नगऱ्याकडे वळले. दार उघडंच होतं. स्पंजाची एक बाजू पांढरी पडून विरघळायला लागली होती, आणि नीलकंठ पाण्याखाली ब्लेडनं तेवढा भाग कापून काढत होता.

"वाचेल?" मी विचारलं.

"इकडचा तुकडा जिवंत आहे. गेलेलं कापलं नाही तर बाकीचं पण जातं." मग माझ्याकडे न बघता, "बकुळजी, मी भित्रा आहे."

"ते मला माहीत आहे."

"तुम्ही किती शहरं पाहिलीत. इथं काय आहे? उन्हाळा, आणि माझी ही तुटकी मराठी. तुम्हाला थांबा म्हणायचं... कोणत्या तोंडानं म्हणू?"

"आहे त्या तोंडानं म्हणून बघा."

त्यानं ब्लेड खाली ठेवलं. हात पुसायचंही राहिलं. "थांबा," तो म्हणाला.

"किती दिवस?" मी सोडलं नाही. "आम्हा फौजी माणसांना मुदत आधी सांगावी लागते. दोन वर्षं, तीन वर्षं..."

"मुदत नाही," तो म्हणाला. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. हे... घरात असं कुणी बोलत नाही, म्हणून मला येत नव्हतं."

"बोलत नाही कसं?" आतून काकू ओरडल्या. "तुझे बाबा बोलायचे! तू कधी विचारलंस?"

मला रडू आलं आणि हसूही आलं. तसंच डोळे पुसत मी बाबांना फोन लावला.

"बाबा, उद्या ट्रकमध्ये माझी ट्रंक चढवू नका."

पलीकडे आई काहीतरी विचारत होती, बाबांनी तिला गप्प केलं. "का गं?"

"मला झाशीला पोस्टिंग मिळालंय."

"हं." घसा साफ केल्याचा आवाज. "कमांडिंग ऑफिसर कोण?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "शकुंतलाकाकू," मी म्हटलं.

"आणि तो?" बाबांचा आवाज जरा ओलसर झाला होता, पण सुभेदारी सुटली नव्हती. "उद्या सकाळी त्याला बबीन्याला हजर कर. ट्रक यायच्या आत. आणि दाढी करून ये म्हणावं."

फोन स्पीकरवर होता. नीलकंठनं तो ओला, खारा हात दाढीवरून फिरवला, आणि आईला विचारलं, "आई, वस्तरा कुठं आहे?"